घराची वाटणी, माणसांची जपणूक
सूरह निसाच्या प्रकाशात कौटुंबिक बोलण्याचा अभ्यास



आपल्या घरांतील मोठे निर्णय क्वचितच बैठक बोलावून होतात. ते बोलता बोलता होतात. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात असताना कोणी सहज म्हणतो, गावचे घर आता पाडून नव्याने बांधायला हवे. दुसरा म्हणतो, अब्बांनी ते घर मलाच देण्याचे कबूल केले होते. स्वयंपाकघरात बहिणी आईच्या औषधांविषयी बोलत असतात, आणि आई जुन्या पेटीतले कपडे काढून कोणता कोणाच्या अकीक्याचा ते सांगत असते. या तिन्ही गप्पा वेगवेगळ्या वाटतात. प्रत्यक्षात त्या एकच असतात. मालमत्ता कोणाची, सेवा कोणाची आणि आठवण कोणाची, हे तीन प्रश्न प्रत्येक कुटुंबात एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते वेळेवर सोडवले नाहीत तर वडिलांच्या दफनानंतर काही महिन्यांतच सख्खी भावंडे एकमेकांच्या सलामाला उत्तर देईनाशी होतात.

नमाज, रोजा, जकात यांविषयी आपण जागरूक असतो. मीरास, म्हणजे वारसाहक्क, याविषयी मात्र पुष्कळ दीनदार घरांतही रिवाज हाच निर्णायक ठरतो. म्हणून या अंकात आपण घरगुती बोलण्यातली पाच-सहा नेहमीची वाक्ये घेऊ आणि त्यांविषयी कुरआन, हदीस व फिक्ह काय सांगतात ते पाहू.

१. ‘ज्याने सांभाळले, घर त्याचेच’

हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते. जो मुलगा आई-वडिलांजवळ राहिला, ज्याने रात्री-अपरात्री रिक्षा शोधून त्यांना दवाखान्यात नेले, त्याला आणि दुबईहून वर्षातून एकदा येणाऱ्या भावाला सारखाच वाटा का?

सूरह निसाच्या ११व्या आयतीत मुले व आई-वडील यांचे हिस्से सांगितले आहेत. त्या हिशेबातच अल्लाहने एक असे विधान ठेवले आहे, ज्याचा आकड्यांशी वरवर काही संबंध दिसत नाही. त्याचा आशय असा की, तुमचे आई-वडील आणि तुमची मुले यांपैकी लाभाच्या दृष्टीने तुम्हाला अधिक जवळचे कोण, हे तुम्ही जाणत नाही. म्हणून हे हिस्से अल्लाहने ठरवून दिले आहेत. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मीरास हा सेवेचा मोबदला नाही. कोणी किती प्रेम केले, कोणाची दुआ कामी आली, कोण दूर राहून पैसे पाठवत होता आणि कोण जवळ राहून कष्ट उपसत होता, याचे माप माणसाच्या हाती दिले असते तर प्रत्येक घरात प्रत्येकाचे माप वेगळे निघाले असते. अल्लाहने ते माप आपल्या हाती ठेवले आणि हिस्से नात्यावर ठरवले.

याचा अर्थ सेवा वाया गेली असा मुळीच नाही. सूरह बनी इस्राईलच्या २३ व २४व्या आयतीत आई-वडिलांना ‘उफ’ सुद्धा म्हणू नये आणि त्यांच्यापुढे नम्रतेने वागावे, अशी आज्ञा तौहीदच्या आज्ञेला लागूनच आली आहे. ज्या कर्माचा मोबदला अल्लाहने स्वतःकडे ठेवला, त्याची किंमत चौरस फुटांत मागणे हा सेवा करणाऱ्याचाच तोटा आहे.

परंतु सेवा करणाऱ्याच्या तक्रारीत तथ्यही असते, आणि त्यासाठी शरीअतने वाट ठेवली आहे. ती वाट वडिलांच्या हयातीत आहे, मृत्यूनंतर नाही. तिचा विचार पुढे करू.

२. ‘अब्बा बोलले होते’

मृत्यूनंतरच्या वादांत हे सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य आहे. अब्बा काही बोलले असतील. प्रश्न असा की ते बोलणे शरीअतच्या दृष्टीने काय होते?

ते हिबा, म्हणजे हयातीतील दान, असेल तर त्याला तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याचा स्पष्ट प्रस्ताव, घेणाऱ्याचा स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा. ‘हे घर पुढे तुझेच आहे’ असे म्हणून वडील शेवटपर्यंत स्वतःच ताबा ठेवून राहिले, तर हिबा पूर्ण झाला नाही. घर तरक्यात, म्हणजे मृताच्या मालमत्तेत, येईल आणि सर्व वारसांत वाटले जाईल.

ते बोलणे वसीयत असेल, तर दोन मर्यादा आहेत. पहिली, वारसासाठी वसीयत नाही. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. म्हणून मुलाच्या नावे केलेली वसीयत इतर प्रौढ वारसांनी मृत्यूनंतर राजीखुशीने मान्य केली तरच लागू होते. दुसरी मर्यादा एक तृतीयांशाची. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना त्यांनी आपली बहुतेक संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली. त्या वेळी त्यांना एकच मुलगी होती. प्रेषित (स.) यांनी त्यांना थांबवत एक तृतीयांशावर आणले आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे चांगले, हे कारणही त्यांनी दिले. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे.

अखेरच्या आजारपणात, ज्यात मृत्यू येतो, दिलेल्या देणगीलाही वसीयतीचेच नियम लागतात. अतिदक्षता विभागाच्या दारात अंगठा उठवून घेतलेला कागद कचेरीत कदाचित चालेल. अल्लाहपुढे तो चालेलच असे नाही.

आता हयातीतील देणगीविषयी. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषितांना साक्षीदार राहण्याची विनंती केली. प्रेषितांनी विचारले की, सर्व मुलांना असेच दिले आहे काय? उत्तर नकारार्थी येताच त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय राखण्याची ताकीद दिली. हयातीत देताना मुलगा व मुलगी यांना समान द्यावे, ही शिकवण येथून घेतली जाते. तथापि एखादे अपत्य अपंग आहे, कर्जात आहे किंवा त्याने आई-वडिलांच्या सेवेसाठी नोकरी सोडली आहे, अशा खऱ्या कारणाने, इतरांना इजा पोहोचवण्याचा हेतू नसताना, त्याला काही अधिक देण्यास हनफी फुकहांनी मुभा दिली आहे. सेवा करणाऱ्याच्या न्यायाची वाट ती हीच : वडील शुद्धीत व तब्येतीत असताना, सर्व मुलांना सांगून, मर्यादेत, ताब्यासह दिलेली देणगी.

वडीलधाऱ्यांना येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. मुलाला ताब्यासह दिलेला हिबा हनफी मतानुसार परत घेता येत नाही. शाफई मतानुसार वडिलांना तो परत घेता येतो. कोकणातील बांधव बहुतांशी शाफई आहेत आणि घाटावरील बहुतांशी हनफी, म्हणून हा भेद लक्षात ठेवावा. डोक्यावरचे एकमेव छप्पर मुलांच्या नावे करून पती-पत्नीने उघड्यावर येऊ नये. देशाच्या कायद्यातही २००७चा ज्येष्ठ नागरिक पालनपोषण व कल्याण अधिनियम आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द ठरवून घेण्याची तरतूद त्याच्या कलम २३ मध्ये आहे. अट लेखी असावी.

३. ‘आईचा खर्च मीच करतो, मग तो वजा करा’

सेवा आणि खर्च या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गरजू आई-वडिलांचा खर्च हा मुलांवरील हक्क आहे. हनफी ग्रंथांतील स्वीकृत मत असे की, ऐपत असलेल्या मुलगा व मुलगी या दोघांवर तो समान आहे. मीरासमध्ये मुलीला मुलाच्या निम्मे मिळते, पण आई-वडिलांच्या खर्चात तिची जबाबदारी निम्मी नाही, ही गोष्ट मुलींनीही ऐकावी आणि मुलांनीही. आईचे औषध ही फक्त जवळ राहणाऱ्याची किंवा फक्त भावांची बाब नव्हे.

ज्याने आधी काही न ठरवता खर्च केला, त्याचा तो एहसान ठरतो. मृत्यूनंतर तरक्यातून तो मागता येत नाही. मात्र खर्च करतानाच आई-वडिलांशी किंवा भावंडांशी स्पष्ट बोलून तो कर्ज म्हणून दिला असेल, तर ते कर्जच आहे आणि वाटणीपूर्वी फेडले पाहिजे. देवाणघेवाण लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकरहच्या २८२व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. भावंडांत लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास, असे आपण मानतो. खरे तर लिहिलेले असले म्हणजेच विश्वास टिकतो.

आणखी एक गोष्ट. आपण म्हणतो, मुलगा आईला सांभाळतो. पुष्कळ घरांत प्रत्यक्षात सून सांभाळते. अंघोळ घालणे, कुशी बदलणे, भात मऊ करून भरवणे, हे सारे ती करते, आणि वाटणीच्या बैठकीत तिला चहा आणायला सांगितले जाते. सासू-सासऱ्यांची सेवा ही शरीअतने सुनेवर लादलेली जबाबदारी नाही. ती मुलगा व मुलगी यांची आहे. सून करते तो तिचा एहसान आहे. वारस म्हणून तिला हिस्सा नाही, पण सासऱ्याने एक तृतीयांशाच्या आत तिच्यासाठी वसीयत केली तर ती पूर्ण वैध आहे, कारण ती वारस नाही. हा मार्ग आपल्याकडे जवळजवळ कोणी वापरत नाही. आधीच वारलेल्या मुलाची मुलेही, दुसरा मुलगा हयात असल्यास, वारस ठरत नाहीत. त्यांच्यासाठीही आजोबांनी याच एक तृतीयांशातून तरतूद करून ठेवावी.

४. ‘बहिणीने हक्क सोडला’

वडील वारले की काही दिवसांत वारस नोंदीचा विषय निघतो. सात-बारावर सर्वांची नावे चढतात, मग हक्कसोड पत्र तयार होते आणि बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोलावले जाते. ती सही करते. तिने खुशीने सोडले, असे आपण मानतो.

तिच्या मनात काय असते? वाटा मागितला तर माहेर तुटेल. उद्या नवऱ्याने घराबाहेर काढले तर कोणत्या दारात जायचे? भावाच्या घरी एक वेळचे जेवण आणि ईदला एक साडी, एवढ्यासाठी ती आपला अल्लाहने ठरवलेला हिस्सा सोडते. मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मआरिफुल कुरआन या तफसीरमध्ये हेच नोंदवले आहे : मागूनही मिळणार नाही हे जाणून, संकोचाने केलेली माफी ही शरीअतच्या दृष्टीने माफी नव्हे, बहिणींचा हिस्सा भावांवर देणे राहतोच. मनाच्या खुशीशिवाय कोणाचा माल हलाल होत नाही, हा तर सर्वमान्य नियम आहे.

सूरह निसाची ७वी आयत सांगते की, आई-वडील व नातलग मागे ठेवतात त्यात पुरुषांचाही हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही, मग ते थोडे असो वा पुष्कळ. उहुदमध्ये शहीद झालेले हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांच्या मुलींचा प्रसंग आठवा. त्यांच्या काकाने जुन्या रिवाजाप्रमाणे सर्व संपत्ती घेतली. विधवा दोन्ही मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली. तेव्हा मीरासची आयत उतरली, आणि प्रेषितांनी काकाला निरोप पाठवला : मुलींना दोन तृतीयांश द्या, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्या, उरेल ते तुमचे. एका आईने मुलींसाठी उघडपणे मागणे केले आणि कोणी तिला लोभी म्हटले नाही.

‘तिच्या लग्नात इतका खर्च केला, तोच तिचा वाटा’ हेही आपण ऐकतो. लग्नात दिले ती हयातीतील देणगी होती. मीरास मृत्यूनंतर निर्माण होते. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो आधी चुकता कसा होईल? बहिणीला खरोखर सोडायचे असेल तर उत्तम रीत अशी : तिचा हिस्सा मोजून, रक्कम किंवा जागा, तिच्या ताब्यात द्यावी. मग काही काळाने, कोणी न सांगता, तिने भावाला काही दिले तर ती तिची उदारता. किंवा सर्व वारसांनी मिळून, योग्य किमतीची दुसरी वस्तू किंवा रक्कम घेऊन तिने घरावरचा हिस्सा सोडावा. यालाही फिक्हमध्ये मान्यता आहे.

हिशेब अवघड नाही. समजा, मृताच्या मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत आणि सर्व देणी फेडून ४८ लाख रुपये उरले. पत्नीला एक अष्टमांश, म्हणजे ६ लाख. उरलेल्या ४२ लाखांचे सहा भाग. प्रत्येक मुलाला दोन भाग म्हणजे १४ लाख, प्रत्येक मुलीला एक भाग म्हणजे ७ लाख. वाटणीपूर्वीचा क्रम असा : कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतील वसीयत, मग वारस. पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच आहे, आणि ते तिच्या अष्टमांशाव्यतिरिक्त द्यायचे आहे. मृताचे आई-वडील हयात असतील तर हिशेब बदलतो, म्हणून जाणकार आलिमांकडून तो लेखी करून घ्यावा. आणि हेही ध्यानात असू द्यावे की, गृहनिर्माण सोसायटीत किंवा बँक खात्यात नॉमिनी म्हणून नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. नॉमिनीने ती रक्कम वा सदनिका वारसांपर्यंत पोहोचवायची असते.

शेतीचा बांध कोरणाऱ्याला आपण गावात नावे ठेवतो. अन्यायाने वीतभर जमीन घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, ही हदीस बुखारी व मुस्लिम यांत आहे. बहिणीचा अख्खा वाटा घेणाऱ्याने बांध कोरणाऱ्याकडे बोट कसे दाखवावे?

५. ‘ही अब्बांची आठवण, ती माझ्याकडेच राहू द्या’

वडिलांचे घड्याळ, त्यांचा चष्मा, आईचे शिलाई मशीन, ज्यातून त्या रोज तिलावत करत तो कुरआन, परसातले हापूसचे झाड. यांची बाजारातली किंमत थोडी आणि मनातली फार. भांडणे पुष्कळदा याच वस्तूंवरून पेटतात, कारण जमीन मोजता येते, माया मोजता येत नाही.

फिक्हचा नियम कडक आहे : मृताची लहानशी वस्तूही तरका आहे आणि ती सर्वांची आहे. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, त्याने वस्तू उचलून घेणे जायज नाही. वारसांत अल्पवयीन मूल असेल तर काळजी दुप्पट, कारण अल्पवयीनाची संमती ग्राह्य नसते. अनाथांचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, असे निसाच्या १०व्या आयतीत सांगितले आहे. म्हणून अविभाजित तरक्यातून पाहुण्यांच्या जेवणावळी घालणेही, अनाथ वारस असताना, चुकीचे ठरते.

नियम पाळूनही माया जपता येते. सर्व प्रौढ वारसांनी एकत्र बसावे, प्रत्येकाने आपल्याला हवी ती एक वस्तू सांगावी, जुळवून घ्यावे, न जुळल्यास चिठ्ठी टाकावी. निसाच्या ८व्या आयतीतील सूचना येथे विशेष आहे : वाटणीच्या वेळी वारस नसलेले नातलग, अनाथ, गरीब उपस्थित असतील तर त्यांनाही काही द्यावे आणि त्यांच्याशी भली गोष्ट बोलावी. ज्या सुनेने ते मशीन वर्षानुवर्षे पुसले, ज्या नातवाने आजोबांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवले, त्यांना एखादी वस्तू आणि एक गोड शब्द मिळावा, हे या सूचनेला धरूनच आहे.

६. मग बोलावे कसे?

मुलांच्या मनात तेढ कशी शिरते हे सूरह यूसुफच्या आरंभीच दिसते. भावांची तक्रार एवढीच होती की वडिलांना यूसुफ व त्याचा भाऊ अधिक प्रिय आहेत. ती मनात ठेवली गेली आणि विहिरीपर्यंत गेली. म्हणून उघड व वेळेवर बोलणे आवश्यक आहे. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही घालवू नयेत, अशी हजरत इब्ने उमर (रजि.) यांची रिवायत आहे. वसीयतीचे बोलणे अशुभ असते तर ही ताकीद आली नसती.

घरच्या बैठकीसाठी काही मुद्दे सुचवतो. या महिन्यात एका संध्याकाळी मगरिबनंतर ते समोर ठेवावेत.

• आई-वडिलांवर कोणाचे कर्ज आहे काय? आईचा महर दिला गेला आहे काय?
• त्यांचे औषध, सोबत व रात्रीची जाग यांची विभागणी भावंडांत कशी आहे? दूर राहणारा कोणता भार उचलतो?
• कोणत्या भावंडाने दिलेला पैसा कर्ज आहे आणि कोणता एहसान? लिहिले आहे काय?
• आधीच्या पिढीत आत्याचा हिस्सा दिला गेला होता काय? नसेल तर आज त्या किंवा त्यांची मुले हयात आहेत काय?
• वडिलांच्या मागे आई कोणत्या छपराखाली राहील?

चौथा प्रश्न बोचतो. पण आत्याचा राहिलेला हिस्सा वर्षे लोटली म्हणून संपत नाही. आजोबांच्या हातून राहिले ते नातवाने फेडले, तर जिवंतांचा माल शुद्ध होतो आणि मृताचे ओझे हलके होण्याची आशा राहते. पाचव्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी मिळून द्यायचे आहे : हिस्से कागदावर निश्चित करावेत आणि आई हयात असेपर्यंत घर विकू नये असे सर्वांनी राजीखुशीने ठरवावे, यात शरीअतची काही आडकाठी नाही.

हजरत याकूब (अलै.) यांनी मृत्यूसमयी मुलांना जवळ बोलावून विचारले होते की, माझ्यामागे तुम्ही कोणाची इबादत कराल. सूरह बकरहच्या १३३व्या आयतीत हा संवाद आहे. ज्या बापाने आयुष्यभर हिशेब स्वच्छ ठेवला, त्यालाच शेवटच्या घडीला एवढा एकच प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळते. बाकीच्यांची ती घडी कपाटाच्या किल्ल्यांत आणि सह्यांत निघून जाते.

अल्लाह आपल्या सर्वांना हक्कदाराचा हक्क देण्याची तौफीक देवो, आई-वडिलांची सेवा मोबदल्याच्या आशेविना करवून घेवो आणि आपल्या भावंडांची मने जोडलेली ठेवो. आमीन.